एका 'राहिलो'चा मायना

बाळांनो, जयभीम. दोघांच्याही केसांतून एकदा हात फिरवला आहे असं समजा आणि पुढे वाचा.

पत्राच्या या पहिल्या ओळीला मराठीत मायना म्हणतात. शाळेत आम्हाला त्याचे मार्क असत. वडिलांना कोणता मायना, हेडमास्तरांना कोणता, हे पाठ करावं लागे. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आज मंगळवार. गुरुवारी सकाळी आम्ही आजोबांना घेऊन अमरावतीहून नागपूरला निघू. शुक्रवारी त्यांच्या मानेतल्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन आहे. तुमचे बाबा उद्या इथे पोचतात, त्यामुळे हे पत्र तुम्हाला आईकडून वाचून घ्यावं लागेल. मी इंग्रजीत लिहू शकले असते. जन्मभर तेच शिकवलं. पण ही एका मराठी शब्दाची गोष्ट आहे आणि इंग्रजीत ती सांगताच येत नाही, मी करून पाहिलं.

आत्ताच लिहिण्याचं कारण आणखी एक आहे. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीने मला विचारलं होतं, "आजी, आजोबा अजून आत आहेत का?" मी "नेटवर्क नीट नाही गं" म्हणाले आणि फोन ठेवला. नेटवर्क उत्तम होतं. मला उत्तर माहीत नव्हतं. शुक्रवारी काय होईल ते होवो, त्याआधी तुला उत्तर मिळायला हवं.

सात आठवड्यांपूर्वी, सकाळी नऊच्या सुमाराला आजोबा व्हरांड्यात बसले होते. मोर्शीकडच्या त्यांच्या एका जुन्या ओळखीच्या बागायतदाराने संत्री पाठवली होती. मी आतून विचारलं, "काय करताय?"

"संत्रा सोलून राहिलो," ते म्हणाले.

"सोलतो आहे," मी म्हणाले.

आमच्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. हे वाक्य मी त्यांना किती वेळा सुधारून दिलं असेल, हे सांगायची मला आज लाज वाटते. वऱ्हाडात माणूस काही करत असला की 'करून राहिलो' म्हणतो. येऊन राहिलो, जेवून राहिलो, झोपून राहिलो. आजोबा शेतकी खात्यात अधिकारी होते, इंग्रजी अहवाल लिहायचे, पण तोंडात भाषा गावचीच ठेवली. माझं उलटं. माझे वडीलही सरकारी नोकरीत होते. बदलीच्या गावी नवे शेजारी आमची दोन वाक्यं ऐकायचे आणि आम्ही कुठल्या वस्तीतले ते ओळखून पाण्याचा तांब्या आत न्यायचे. म्हणून वडिलांनी घरात वऱ्हाडी बंद केली. पुस्तकी मराठी आणि इंग्रजी, एवढंच. ती भीती माझ्यात मुरली आणि पुढे तिचं नाव शिस्त झालं. आजोबा हसायचे. म्हणायचे, "बाई, तुमच्या भाषेत माणूस नुसता 'आहे'. आमच्या भाषेत तो राहते तरी!"

तर "सोलतो आहे" म्हणून मी भाजीकडे वळले, आणि बाहेर ताटली पडल्याचा आवाज झाला. ते धड असताना मी त्यांच्याशी बोललेला शेवटचा शब्द ही एक दुरुस्ती होती.

उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं पूर्ण गेलं. नऊ दिवस तोंडातून फक्त हवा. दहाव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या केसांना तेल लावत होते, तर ते स्पष्ट म्हणाले, "राहिलो."

मी आनंदाने सगळ्यांना फोन केले. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दुसरा शब्द येईना. पुढच्या आठवड्यापासून स्पीच थेरपिस्ट येऊ लागली. कोकणातली मुलगी, पुण्याला शिकलेली, कामाची आणि मायाळू. ती दोनदा ऐकून घेऊन मला बाजूला म्हणाली, "आजी, ते 'राहिलो' म्हणतात. मागे राहिलो, असं वाटत असेल त्यांना. मन खचलंय. मी डॉक्टरांना कळवते."

मलाही तेच ऐकू येत होतं. त्या वर्षभरात त्यांचे थोरले भाऊ गेले होते, शेंदूरजनाघाटचे दोन दोस्त गेले होते. राहिलो. सगळे गेले आणि मी तेवढा राहिलो. ते हा शब्द म्हणत आणि डोळ्यांत पाणी येई. डॉक्टर म्हणाले होते की या आजारात पाणी उगाचही येतं. पण उगाच कोणतं आणि खरं कोणतं, हे कोण सांगणार?

मान हलवण्यावर भरवसा नव्हता. "आज सोमवार आहे ना?" म्हटलं की होकार. "आज मंगळवार आहे ना?" तरी होकार.

अशात ऑपरेशनचा प्रश्न आला. मानेच्या डाव्या बाजूची वाहिनी आतून अरुंद झाली आहे आणि पुन्हा झटका येऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनने ती साफ करता येते. पण ऑपरेशन करतानाच झटका येण्याचा धोकाही असतो, तेही त्यांनी लपवलं नाही. "सरांना समजत असेल तर त्यांची संमती घ्या. समजत नसेल तर तुम्ही सही करा."

समजत असेल तर! तोच तर प्रश्न होता. तुमचे बाबा फोनवर म्हणत, "आई, सही कर." मी फॉर्म जेवणाच्या टेबलावर इंग्रजी डिक्शनरीखाली ठेवला. एक दिवस धीर करून विचारलं, "ऑपरेशन करायचं का हो?" त्यांनी डावा हात टेबलावर पुढे सरकवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहिलो." डोळे भरून आले. मी हात उचलून परत त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मनाशी ठरवलं, यांना आता काही नको आहे. मी सही करणार नव्हते. बाबांना सांगायला शब्द जुळवत होते, पण रोज सकाळी हात पुन्हा डिक्शनरीवर जायचा. माझी वजनाची नोंद, औषधांची नोंद, दुधाची नोंद, सगळं जागच्या जागी होतं. हा एकच कागद मला कुठे ठेवावा कळत नव्हतं.

मग एका रविवारी अकोल्याहून सर आले.

सर म्हणजे अरबी-फारसीचे प्राध्यापक. मी अकोल्याच्या ज्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, तिथेच ते होते. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना लागून होती. त्यांचा आयुष्याचा विषय एकच: हजार वर्षांपूर्वी बसरा आणि बगदादच्या इस्लामी पंडितांनी भाषेवर घातलेला वाद. उर्दू न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी त्यावर मराठीत एक वही लिहायला घेतली होती आणि ती तपासायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा आम्ही अकोल्यातच राहत होतो. संध्याकाळी ते वही घेऊन आमच्याकडे यायचे, आजोबा चहा करायचे, आणि तिघांचं भांडण चालायचं.

पहिलं भांडण 'मायना'वरूनच. सरांनी लिहिलं होतं, 'शब्द आणि त्याचा मायना'. मी लाल शाईने खोडून 'अर्थ' केलं.

"मॅडम, तुमी कावून खोडून राहिल्या?"

"मायना पत्रात असतो, सर."

"अवो, तुमच्या पत्रात तो आमच्याकडूनच गेला! अरबीत मायना म्हणजे अर्थ. मतलब. आत जे आहे ते. तुमी त्याले पाकिटावरच्या नमस्कारात बसवलं."

आजोबा किटली घेऊन उभे. "मौलाना, लिहू द्या तिले. तिच्या हातात लाल पेन दिसला की म्या बी तोंड मिटतो."

"भाऊ, म्या मौलाना नाही, मास्तर आहो," सर दरवेळी म्हणत.

मला आठवतं तेवढं सांगते. त्या पंडितांचा पहिला प्रश्न असा की वस्तूंना नावं कोणी दिली? एक बाजू म्हणे, देवाने. त्यानेच पहिल्या माणसाला सगळी नावं शिकवली. दुसरी बाजू म्हणे, माणसांनीच आपापसांत ठरवली. तिसरा कोणी विचारी, ठरवायला बसले तेव्हा बोलले कोणत्या भाषेत? त्यावर उत्तर असं की बोटाने दाखवून. आई मुलाला शिकवते तसं. मग कोणी मधला मार्ग काढला: ठराव करण्यापुरते शब्द देवाने दिले, बाकीचे माणसांनी जमवले. आजोबांनी हे ऐकून विचारलं होतं, "मास्तर, मंग तुमच्या देवाले वऱ्हाडी येते काय?"

"त्याले सगळं येते, भाऊ. मॅडमइले येते का, ते विचारा."

मी म्हणाले होते, "आमच्याकडे देवच नाही, त्यामुळे आमचा निकाल लागला. माणसांनी ठरवली."

"तुमचं काम सोपं," सर म्हणाले होते. "पण ठरवल्यावर पाळावं लागते, मॅडम. ज्या लोकांनी शब्द ठरवला, त्याइचाच मायना धरा लागते. दुसऱ्या गावचा नाही."

हे वाक्य मी त्यांच्या वहीत व्याकरण सुधारून लिहिलं. स्वतः मात्र वाचलं नाही, असं म्हणायला हवं.

तर रविवारी सर आले. आता तेही काठी घेऊन चालतात. एसटीतून उतरून रिक्षाने घरापर्यंत आले तरी दम लागला होता. आजोबा खिडकीपाशी बसले होते आणि डाव्या हाताने स्वेटरचं बटण लावायचा प्रयत्न चालला होता. सरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय भाऊ, काय करून राहिले?"

"राहिलो," आजोबा म्हणाले.

"लावा, लावा. घाई नाही," सर म्हणाले आणि हसले.

मला ते हसणं सहन झालं नाही. मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. "सर, हसू नका. ते म्हणतात मी मागे राहिलो. महिनाभर तेच म्हणतात."

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग काठी ओट्याला टेकवून सावकाश म्हणाले, "मॅडम, तुमी अमरावतीच्या ना? ते बटण लावून राहिले. तेच सांगितलं त्याइनं. 'लावून' निघालं नाही, 'राहिलो' निघालं. गाडीचं इंजिन गेलं, डबा आला. तुमी डब्याले इंजिन समजून राहिल्या."

मी खुर्चीवर बसले.

"लफ्ज एक, ठराव दोन," सर म्हणाले. "तुमच्या पुस्तकातला राहिलो वेगळा, भाऊंच्या गावचा वेगळा. चाळीस वर्षं माह्या वहीत हेच तर तपासलं तुमी."

पण मी शिस्तीची बाई. एका बटणावर विश्वास ठेवणं मला जमेना. मी म्हणाले, "आणि सर, आत काहीच नसेल तर? नुसता तोंडाला लागलेला आवाज असेल तर?"

 सरांनी स्वतःच कपाट उघडून कप काढले, आधण ठेवलं. मग म्हणाले, "यावर तर मोठी मारामारी झाली, मॅडम. एक बाजू म्हणे, खरं बोलणं आतच असते. जिवात उभं असते. आवाज म्हणजे फक्त त्याची खूण. कधी तोंडाची, कधी लिखाणाची, कधी हाताची. दुसरी बाजू म्हणे, खोटं! आवाज आणि अक्षरं हेच बोलणं. आत फक्त इच्छा असते, माहिती असते. त्याले बोलणं म्हणू नका."

"तुम्ही कोणाचं मानता?"

"म्या शिकवलं. ठरवलं नाही." ते गाळणी शोधत होते. "पण इच्छा आत असते, हे तर दुसरी बाजू बी नाकारत नाही. तुमाले तेवढीच पायजे ना? मंग मुक्याचा नियम पाहा. मुक्या माणसाची खूण आमचे काझी बोलण्यासारखी धरतात. लग्नात बी धरतात. अट एकच, खूण ओळखीची पायजे. त्याची, जुनी, घरच्यांइले माहीत असलेली. आपण आज उठून शिकवलेली मान हलवणी त्यात बसत नाही."

ओळखीची खूण. मी चहा ट्रेमध्ये ठेवून बाहेर नेला आणि तेव्हा मला ती दिसली. तुम्हाला आठवतं का, आजोबांना दुसरा चहा नको असला की ते कप बशीत उपडा ठेवतात? लहानपणी तुम्ही दोघंही दुधाचे कप तसेच उपडे घालायचात आणि टेबलक्लॉथ खराब करायचात. त्यांनी चहा संपवला. मी विचारलं, "आणखी देऊ?" मान होकारार्थी हलली, आणि डाव्या हाताने कप उपडा झाला. मान खोटं सांगत होती. हात खरं.

सर दुपारच्या गाडीने अकोल्याला परत गेले. पुढचे चार दिवस मी औषधांच्या वहीत मागच्या पानापासून एक नोंद ठेवली. 'राहिलो' शब्द कधी आला, तेव्हा ते काय करत होते. कंगवा धरताना. जिना चढताना. पेपर उलटताना. एकदाही रिकामे बसलेले असताना नाही. आणि ही वही वाचताना, गेल्या गुरुवारी सकाळी, मला तो दिवस आठवला. "ऑपरेशन करायचं का हो?" तेव्हा ते काय करत होते? हात पुढे सरकवत होते. डिक्शनरीकडे. ते फॉर्म ओढून घेऊन राहिले होते, आणि मी त्यांचा हात उचलून मांडीवर ठेवला होता.

 मी डिक्शनरी बाजूला केली, फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला, चष्मा त्यांना घातला. ते वाचू लागले. दोन पानांना जवळजवळ पाऊण तास लागला. धोक्याच्या परिच्छेदावर बोट थांबलं, पुढे गेलं, पुन्हा मागे आलं. सगळं समजलं का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मग मी त्यांच्यापुढे रिकामा कप ठेवला. "ऑपरेशन करायचं?" कप सरळ राहिला. मी मनात शंभरपर्यंत मोजलं. मग उलटून विचारलं, "मग ऑपरेशनशिवाय असंच चालू द्यायचं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात चुकीचं स्पेलिंग लिहिलं आहे, आणि कप खाडकन उपडा केला. बशीला तडा गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, शनिवारी पुन्हा. उत्तर बदललं नाही.

सहीसाठी मी शाईचं पॅड आणलं होतं. त्यांनी ते ढकलून दिलं. त्यांच्या आईचा अंगठा होता. आजोबांनी नोकरी लागल्यावर तिला पहिली गोष्ट शिकवली ती सही. त्यांनी डाव्या हाताने पेन धरलं. कागदावर आलं ते नाव कुणाला वाचता येणार नाही. पण ते अंगठा नाही.

तुमचे बाबा विचारतात, तुला खात्री आहे ना? नाही. ऑपरेशनमध्ये तोच झटका आला आणि आहे तेही गेलं, तर कप मी पुढे केला होता, हे मला आयुष्यभर पुरेल. कालही मी दोनदा उठून फॉर्म पाहिला. पण मी सत्तेचाळीस वर्षं त्यांचं वाक्य अर्ध्यात कापत आले. हे एक त्यांचं पूर्ण होऊ द्यायचं, एवढंच मी ठरवलं आहे.

सरांना फोन करून सांगितलं. म्हटलं, तुमच्या वहीत मी जिथे जिथे 'मायना' खोडला आहे, तिथे परत लिहा. ते म्हणाले, "म्या तुमचं लाल कधीच मानलं नव्हतं, मॅडम."

बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आजोबांकडे आज सहा शब्द आहेत: राहिलो, चहा, थांब, 'नाही' (हा कधी चुकून 'हो'च्या जागी येतो), तुझ्या बाबांचं घरातलं नाव आणि एक शिवी, जी मी लिहिणार नाही. डावा हात आहे. कप आहे, बशीला तडा आहे. आजोबा आत आहेत. आत्ता ते समोर व्हरांड्यात बसून एका हाताने संत्रं सोलून राहिले आहेत.